सोळा पानं दोनदा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटाचा मधला खण माझा. वरच्यात आईच्या साड्या, खालच्यात बाबांच्या फायली, मधल्यात हॅरी पॉटर. पावसाळ्यात तिघांनाही ओल लागते. साड्यांना डांबरगोळ्या, माझ्या पुस्तकांना वेखंडाच्या पुरचुंड्या आणि बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. फायलींचं काय होतं ते बाबाच जाणोत.

खणातली सगळ्यात जाड प्रत पाचव्या भागाची आणि ती चोरछपाईची आहे. २००३ मध्ये मी नववीत. खऱ्या हार्डबाउंडची किंमत ऐकून आई म्हणाली, "अगं, एवढ्यात तुझी वर्षभराची वह्या-पुस्तकं येतील." मग स्टेशनच्या पुलावरून ही आणली. कागद वर्तमानपत्रासारखा, शाई बोटांना लागणारी. दोन रात्रींत २७२ व्या पानावर पोचले, पान उलटलं तर समोर पुन्हा २५७. ती सोळा पानं परत संपली की थेट २८९. मी रडायच्या बेतात.

बाबा तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात बाइंडिंगला होते. पुस्तक उभं धरून त्यांनी पाठीकडून पाहिलं आणि म्हणाले, "एक फॉर्मा दोनदा लागलाय, पुढचा राहिलाय. उचलणाऱ्याला झोप आली असणार." फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं, आणि उचलणारा म्हणजे ते फॉर्मे क्रमानं लावणारा. मैत्रिणीच्या प्रतीवरून २७३ ते २८८ ची झेरॉक्स काढली. बाबांनी पाठीचा गम खरवडला, झेरॉक्सची पानं कापून आत बसवली, खळ लावली आणि वर पाटा ठेवला. जास्तीचा फॉर्मा मात्र मला काढू दिला नाही. म्हणाले, "लागलाय तो लागलाय."

पुढे संग्राहकांचं जग कळलं तेव्हा गंमत वाटली. पहिल्या भागाच्या १९९७ च्या पहिल्या आवृत्तीत हार्डबाउंड प्रती फक्त ५००, त्यातल्या ३०० वाचनालयांत गेलेल्या. अस्सल प्रत ओळखायची कशी? चुकांवरून! ५३ व्या पानावर शाळेच्या सामानाच्या यादीत एक जादूची छडी दोनदा छापलीय. शिवाय कॉपीराइटच्या पानावर १० पासून १ पर्यंत उतरते आकडे आणि लेखिकेचं नाव जे. के. ऐवजी जोअन रोलिंग. अशा प्रतींना लिलावात जो भाव येतो, त्यात ठाण्यात फ्लॅट येईल. तिथे एक छडी जास्त, माझ्याकडे सोळा पानं जास्त. पण मला कोण विचारतो.

मी जमवते ती भाषांतरं. त्यातलं सगळ्यात लाडकं भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं काढलेलं पहिल्या भागाचं मराठी, 'हॅरी पॉटर आणि परीस'. गावदेवी मैदानातल्या एका प्रदर्शनात मिळालं. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रकाशकाला धास्ती वाटली की मूळ नावातला 'फिलॉसॉफर' वाचून पोरं पुस्तक हातात घेणार नाहीत, म्हणून त्यांनी त्याचं 'सॉर्सरर', म्हणजे जादूगार, केलं. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. लोखंडाला परीस लागला की सोनं, हे माझ्या आजीलाही सांगावं लागलं नसतं. अर्थात, आपला परीस सोन्यावरच थांबतो. गोष्टीतला दगड अमरही करतो, म्हणजे त्यात थोडं अमृतही कालवायला हवं होतं. तरी नाव झकास. लॅटिन भाषांतरही आहे माझ्याकडे. त्यातला एक शब्दही कळत नाही, नुसती पानं चाळते.

गेल्या महिन्यात नेरूळचा एक मुलगा जास्तीच्या प्रती बदलून घ्यायला आला होता. चोरछपाईचा पाचवा भाग हातात घेऊन म्हणाला, "ताई, ही कशाला ठेवलीय?" मी त्याला झेरॉक्सची पानं दाखवली. त्यानं पाठीवरून बोट फिरवलं, थोडा वेळ गप्प बसला, मग पिशवीतून स्वतःचा चौथा भाग काढला. पाठ पार सुटलेली. बाबांकडे बघून विचारलं, "काका, हे होईल का?"

बाबांनी चष्मा लावला. कुणी न सांगताच आईनं खळ शिजायला ठेवली. हल्ली चटणी मिक्सरमध्येच होते, त्यामुळे पाटा मोकळाच होता.




ता. क. पाऊस थांबत नाहीये, त्यामुळे खळ अजून वाळलेली नाही. त्या मुलाचा दिवसाआड फोन येतो.