उइस्ट बेटांवर रस्ता मेंढ्यांचा, आपण आपले पाहुणे

जूनमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, लेक आणि साताऱ्याहून आलेली आई, स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर जाऊन आलो. स्काय बेटावरच्या उइग बंदरातून गाडी फेरीबोटीत घालायची, पावणेदोन तासांत नॉर्थ उइस्टच्या लॉखमॅडीला उतरायचं. गाडीसकट जाणार असाल तर बुकिंग दोन-तीन महिने आधी करा, आणि परतीला एक दिवस मोकळा ठेवाच, वारा सुटला की फेरी रद्द, मग कोणाशी भांडणार?

उतरलात की एकपदरी रस्ता. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला वाट द्यायला केलेल्या रुंद जागेत, थांबायचं, पण ती आपल्या डावीकडे असेल तरच आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून राहायचं, आणि हात करायला विसरायचं नाही. हे सगळं मी नीट पाठ करून गेलो होतो, पण मेंढ्यांनी केलं नव्हतं. पाठीवर निळा पट्टा असलेली एक बाई पासिंग प्लेसच्या पाटीखालीच बसलेली, मी हॉर्न दिला तर तिने रवंथ थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि परत सुरू. आई म्हणाली, "अरे उतर खाली, म्हशीला काय हॉर्न देतात का?" उतरलो, दोन टाळ्या वाजवल्या, मग बाई उठल्या, त्याही मेहेरबानी केल्यासारख्या.

तो निळा रंग म्हणजे मालकाची खूण, कारण सगळ्यांची जनावरं एकाच गायरानात चरतात. इथली शेती म्हणजे क्रॉफ्ट, जमीनदाराकडून कसायला घेतलेला छोटा तुकडा, आणि १८८६ च्या कायद्याने त्या कुळांना कायमचं संरक्षण मिळालं. हे मी आईला पाच मिनिटं समजावत होतो, तिने दोन शब्दांत मिटवलं, "कूळकायदा की!"

आता हेजहॉगची, म्हणजे अंगावर काटे असलेल्या छोट्या प्राण्याची, गंमत ऐका. १९७४ मध्ये साउथ उइस्टला बागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त करायला मोजके हेजहॉग आणून सोडले. गोगलगायी सोडून त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला, मग २००३ पासून सरकारी खर्चाने त्यांना मारायला लागले, त्यावर प्राणीप्रेमी खवळले, आणि शेवटी पकडून फेरीने मुख्य भूमीवर पाठवायची वेळ आली. म्हणजे आमच्यासारखीच राउंड ट्रिप, फक्त फुकट.

पक्षी बघायचे तर नॉर्थ उइस्टचं बॅलरानल्ड. तिथे कॉर्नक्रेक नावाचा पक्षी गवतात लपून रात्रभर क्रेक्स क्रेक्स करतो, कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवावं तसा आवाज. दिसत मात्र नाही, आम्ही तीन संध्याकाळी गवताकडे टक लावून बसलो, हाती आला फक्त आवाज. त्याची पिल्लं निसटावीत म्हणून इथले काही शेतकरी गवत उशिरा कापतात आणि तेही शेताच्या मधून सुरू करून कडेकडे जातात, हे मला फार आवडलं. ऑटरचं, म्हणजे पाणमांजराचं म्हणाल तर बेटं जोडणाऱ्या कॉजवेवर ऑटर जपा अशा पाट्या आहेत. पाट्यांचे फोटो छान आले.

मिज नावाची बारीक चिलटं मात्र न बोलावता भेटतात. वारा असला की गायब, पडला की हल्ला, म्हणून डोक्यावर घालायची जाळी घ्याच, दिसायला मधमाशीपालक दिसलात तरी चालेल. गेट जसं मिळालं तसंच सोडा, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. पुढे बर्नरेहून फेरीने हॅरिसला जाणार असाल तर पेट्रोल आणि किराणा शनिवारीच भरा, हॅरिस आणि लुइसला रविवार कडक पाळतात, जवळपास सगळं बंद.

आणि सुट्टे पौंड ठेवा. रस्त्याकडेला डब्यात अंडी ठेवलेली असतात, माणूस कोणी नाही, पैसे टाकायचे आणि अंडी घ्यायची. आमच्याकडे सुट्टे नव्हते, नोट मोठी होती, ती टाकली. आईला हिशोब काही पटेना, तिने नोटेत बसतील तेवढी अंडी मोजून उचलली आणि पुढचे तीन दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ भुर्जी खात होतो.