हे गाणे तुला कुणी सुचवले?

भाषेतला एक शब्दही कळत नसलेले गाणे आज मी चौथ्यांदा ऐकत असताना मैत्रिणीने विचारले, “हे तुला कुणी सुचवलं?” आणि मला कुणाचेच नाव सांगता आले नाही.

स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर २०१५ पासून दर सोमवारी येणाऱ्या ‘डिस्कव्हर वीकली’ या आपोआप बनणाऱ्या यादीच्या ३० गाण्यांतले ते सतरावे. आपल्याशी आवड जुळणाऱ्या अनोळखी श्रोत्यांच्या याद्यांत जे आहे आणि आपण अजून ऐकलेले नाही, ते मुख्यतः तिथे येते. म्हणजे कुणीतरी माणसानेच ते आधी जपून ठेवलेले असते.

त्या माणसाचे आभार मानावेत असे मनापासून वाटते. मधेच सगळी वाद्ये थांबतात आणि गायिकेचा श्वास तेवढा ऐकू येतो, तिथे त्यालाही गाणे पुन्हा मागे न्यावेसे वाटले असेल का?