पदार्थाआधी घड्याळ बघा

मुंबईत बाहेर जेवायचं ठरलं की 'कुठे जायचं' यावर तासभर खल होतो, 'काय खायचं' यावर आणखी अर्धा तास. किती वाजता पोहोचायचं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि निम्मी जेवणं तिथेच फसतात. एवढं नाव ऐकून गेलो आणि काही खास नव्हतं, असं ज्या जागांबद्दल म्हटलं जातं, तिथे बहुतेक वेळा आचारी बिघडलेला नसतो. ज्या पातेल्यासाठी ती जागा ओळखली जाते, ते तुम्ही टेकेपर्यंत खरवडून झालेलं असतं.

सकाळ माटुंग्याची. कॅफे मद्रास, राम आश्रय, म्हैसूर कॅफे, सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी साडेनऊ ते अकरा या वेळात तिथे जाणं म्हणजे रांगेसाठी जाणं. पण रांगेपेक्षा मोठी अडचण तव्याची असते. डोशाचा तवा जाड लोखंडाचा, आणि प्रत्येक डोशाआधी त्यावर पाण्याचा शिपका मारून तो हिराच्या झाडूने पुसतात. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. तवा फार तापला असेल तर पीठ पसरायच्या आधीच वाटीला चिकटून गुंडाळत येतं, म्हणून पाण्याने त्याचा ताव उतरवतात. गर्दीत उलटं होतं. एका वेळी सहा-आठ डोसे पडत राहतात, तव्याला पुन्हा तापायला फुरसत मिळत नाही आणि डोसा पांढुरका, मऊ येतो. तोच डोसा मंगळवारी सकाळी साडेसातला खाऊन बघा. (सोमवारी जाऊ नका, कॅफे मद्रास बंद असतं.) इडलीचंही तसंच. पहिल्या दोन-तीन घाण्यांतली इडली बोटाने दाबली की परत वर येते. अकरा वाजताची गरम पेटीत बसून कडेने वाळलेली असते.

रसम वडा मागवलात तर वडा रसमवर तरंगताना दिसला तर दोन मिनिटं थांबा. आत रस शिरल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि सांबार गोडसर लागलं म्हणून नाक मुरडू नका, उडुपी सांबारात गूळ असतोच. तिखट-आंबट हवं असेल तर तमिळ पद्धतीचं हॉटेल शोधावं. कॉफी सांगताना 'स्ट्राँग, साखर कमी' हे आधीच सांगा, कारण काही ठिकाणी साखर आधीच घातलेली असते आणि मग काहीच करता येत नाही.

पोटभर जेवायचं असेल तर माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला, पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. काउंटरवर कूपन घ्यायचं, ताटात किंवा केळीच्या पानावर जेवायचं. इथे साडेबाराच्या आत पोहोचावं. नवखे लोक पुऱ्या-भाजीवरच पोट भरतात आणि भाताला हात लावत नाहीत. इथलं खरं जेवण भातापासून सुरू होतं: आधी सांबार, मग सार, शेवटी ताक.

इराण्याकडे सकाळीच जावं, आणि पावसाळ्यात तर सकाळीच. धोबीतलावचं कयानी १९०४पासून चालू आहे. बन मस्का आणि ब्रुन मस्का यांत लोक गल्लत करतात: बन मऊ आणि गोडसर, ब्रुन म्हणजे जाड कवचाचा कडक पाव. हे कवच मुंबईच्या दमट हवेत काही तासांत चामट होतं, म्हणून दुपारी चारचा ब्रुन खाऊन ब्रुनबद्दल मत बनवू नये. चहा 'पानी कम' सांगायचा. अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची फेटलेली अंडी, ओलसरच असायला हवी. हल्ली गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणून ती भुर्जीसारखी कोरडी करून देतात, तेव्हा मागवतानाच 'ओली ठेवा' म्हणून सांगा.

पारशी जेवण मात्र दुपारचं, आणि फोर्ट-बॅलार्ड इस्टेटमधलं असेल तर कामाच्या दिवसाचं. ही हॉटेलं ऑफिसच्या गिऱ्हाइकावर उभी राहिली, त्यामुळे रविवारी बऱ्याच जागी कुलूप भेटतं. ब्रिटानिया १९२३ सालचं, आणि त्याचा लौकिक दुपारच्या जेवणाचाच. तिथल्या बेरी पुलावाची प्लेट आली की लोक वरचा भात आणि काजू खात बसतात आणि 'मटण कुठाय' विचारतात. मटण खाली असतं, चमचा तळापर्यंत घालून उलटा करायचा. ती लाल आंबट बेरी म्हणजे इराणी झेरेश्क. बेदाण्यापेक्षा बारीक असते, आणि मसालेदार मटणाबरोबरच तिचा आंबटपणा कळतो. नुसत्या भातावर ती निव्वळ शोभेची. पात्रा नी मच्छीचं पान उघडल्यावर हिरवी चटणी माशाला धरून राहिलेली दिसायला हवी. पानात पाणी साचलं असेल तर मासा बर्फातला होता असं धरून चाला. धानसाक चांगलाच असतो, पण तो खाऊन तीनच्या मीटिंगला बसण्याचं धाडस करू नये. पारशी घरांत तो रविवारचा, आणि सणासुदीला तर करतच नाहीत, कारण घरात कुणी गेलं की चौथ्या दिवशी तो करायची रीत आहे.

आता मासे. इथे घड्याळाबरोबर कॅलेंडरही बघावं लागतं.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत मालवणी खानावळीत सुरमईचा तुकडा मिळतो, पण तो कुठून आणि कधी आला हे विचारायचं नाही. तेव्हा तिसऱ्या, कालवं, खाडीचे मासे आणि सुकट-जवळा मागवावं. जवळ्याची किसमूर त्या दिवसांत महागड्या पापलेटापेक्षा कितीतरी चांगली लागते. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा ताटाला रंग चढतो. एरवीही आत शिरल्यावर मेनू उघडण्याआधी 'आज काय आलंय?' हा प्रश्न विचारा. वेटरने एका दमात दोन-तीन नावं घेतली तर त्यातलंच मागवा. 'सगळंच आहे' म्हणाला तर थाळीवर भागवा, सुटं काही मागवू नका.

बोंबील फ्रायवरून स्वयंपाकघर ओळखता येतं, कारण यात लपवाछपवीला जागा नाही. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. तो मधोमध चिरून उघडायचा, मीठ लावायचं आणि पाट्याखाली किंवा तसल्याच कुठल्या वजनाखाली निदान अर्धा तास दाबून ठेवायचा. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. दाबण्याचा अर्धा तास ज्यांनी वाचवला त्यांचा बोंबील तव्यावर पाणी सोडतो, पाण्याने तेल निवतं आणि वरचं आवरण सुटून तेलात फिरू लागतं. चांगला बोंबील शेपटीकडून उचलला तर सरळ राहतो आणि तोंडात घातल्यावर आत जवळजवळ काहीच नसल्यासारखा विरघळतो. एक वाजता गेलात तर दाबलेला माल तयार असतो. अडीच-तीनला संपलेला असतो आणि मग घाईघाईने नवा काढतात. तीन वाजता बऱ्याच खानावळी बंदच करतात, त्या सात-साडेसातनंतर पुन्हा उघडतात.

सोलकढीकडेही एकदा नीट बघा. नारळाच्या दुधात आगळ घातलं की रंग फिका, जांभळटाकडे झुकलेला गुलाबी येतो. लग्नाच्या पत्रिकेसारखा भडक गुलाबी दिसला तर आगळाऐवजी बाटलीतलं काहीतरी आहे. फार वेळ उष्णतेत राहिली तर ती फाटते, वाटीच्या कडेला कण दिसतात. कोंबडी-वड्यांत वडा टम्म फुगलेला आणि गरम असेपर्यंतच खरा. दोन-दोन करून मागवा, चार एकदम आले तर शेवटचे दोन चिवट होतात.

फोर्टातली लंच होम, म्हणजे अपूर्वा, महेश, त्रिष्णा वगैरे, हा मंगळुरी प्रकार. मालवणी रस्सा आणि मंगळुरी रस्सा म्हणजे गस्सी यांत फरक कळायचा असेल तर बांगडा गस्सी आणि नीर डोसा घ्या. कोरी रोट्टी मागवलीत तर रस्सा सगळा एकदम ओतू नका. तांदळाचे ते कुरकुरीत पापुद्रे थोडे भिजलेले, थोडे कोरडे असे खायचे असतात. इथल्या मेनूवर किमतीच्या जागी 'ॲज पर साइझ' लिहिलेलं असतं, आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात ते याच ओळीमुळे. लाजू नका. मासा किंवा चिंबोरी टेबलापर्यंत आणून दाखवायला सांगा, वजन किती आणि एकूण किती रुपये हे शिजवण्याआधी तोंडाने ठरवून घ्या. वजन साफ करण्याआधीचं असतं हेही लक्षात असू द्या. चिंबोरी आकारापेक्षा हाताला जड लागायला हवी. अमावास्येच्या सुमाराची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं कोळणी सांगतात. आणि तिला बटर-पेपर-गार्लिकमध्ये बुडवण्याची फॅशन असली तरी माझं मत विचाराल तर मंगळुरी सुक्क्यात तिची चव जास्त कळते. लोण्यात काय, चप्पलही बरी लागेल.

बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी याच्या बरोब्बर उलट, दुपारी जाऊन उपयोग नाही. नळी, पाया, पिचोटा असे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या हंड्यांत, कणकेने तोंडं बंद करून रात्रभर मंद आचेवर राहतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावं. दर दुकानाची वेळ वेगळी असते, ती आदल्या दिवशी विचारून घ्या. एकट्या हंडीचा रस्सा नको असेल तर 'भेळ' म्हणजे मिश्रण सांगता येतं. सोबत खमिरी रोटी. यात चरबी भरपूर असल्यामुळे पहिली दहा मिनिटं महत्त्वाची: निवलं की ती ओठांवर थिजते आणि तेच जेवण जड वाटू लागतं. लिंबू, आल्याचे काप आणि मिरची बाजूला दिलेली असते, ती यासाठीच. एक स्पष्ट विचारून घ्या, 'बडे का' की मटण. 'बडे का' म्हणजे म्हशीच्या कुळातलं. खायचं-न खायचं ज्याचं त्याने ठरवावं, पण नळी चोखून झाल्यावर ठरवू नये. रमजानात मोहम्मद अली रोडला गेलात तर मालपुवा चौघांत एक मागवा, त्यात अंडं असतं आणि वर मलईही घेतात.

गुजराती थाळीबद्दल थोडक्यात: काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५ सालचं, तिथे उन्हाळ्यात आमरसासाठी आणि थंडीत उंधियूसाठी जावं. सुरती पापडी थंडीतच खरी मिळते, एप्रिलमधल्या उंधियूवर विश्वास ठेवू नका. आमरस थाळीत धरलाय की वेगळा, हे बसण्याआधी विचारा. पहिल्या फेरीत प्रत्येक वाढप्याला 'थोडंसं' म्हणा, नाहीतर ढोकळ्यावरच सामना संपतो.

चायनीजबद्दल एवढंच की चिकन मंचुरियन मुंबईतच जन्मलं, १९७५च्या सुमारास, नेल्सन वँग यांच्या हातून, तेव्हा त्यात चीन शोधू नये. फ्राइड राइस आदल्या वेळच्या गार भाताचाच चांगला होतो. ताज्या भाताचा गिचका होतो.

बिल. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर आहे त्यातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी लावता येत नाही. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून ती ओळ वेगळी दिसते. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. आपोआप बिलात घालू नये अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची सूचना जुलै २०२२ची आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली. शांतपणे 'हा काढून द्या' म्हणायचं. नाहीच काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तिथेच टेबलावर बसून लावता येतो. बाटलीबंद पाण्यावर छापील किमतीपेक्षा जास्त घेतात म्हणून मात्र भांडू नका, बसून पिण्याच्या जागी तसं घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलंय. साधं पाणी मागा, ते फुकट असतं.

उरलेलं बांधून घेताना गस्सी, धानसाक, नळीचा रस्सा खुशाल घ्या, दुसऱ्या दिवशी ते उलट मुरतात. डोसा, वडे आणि बोंबील डब्यात घालून घेऊ नका. दादरहून ठाण्याला पोहोचेपर्यंत आपल्याच वाफेत भिजून त्यांचा पार लगदा होतो. अगदीच न्यायचे असतील तर डब्याचं झाकण अर्धं उघडं ठेवा, आणि गाडीत शेजारी बसणाऱ्याची आधी माफी मागा.