आधी काच बघूया

वॉशिंग सेंटर टाकण्याआधी मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होतो. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याचे काठ ग्राइंडरने घासून काढायचे, एवढंच काम. हाताला दाबून घासायची सवय तिथलीच. पुढे ती महागात पडली, ते सांगतोच.

खानापूर रोडला भाड्याच्या जागेत आम्ही सुरुवात केली तेव्हा सरकारी कागदावर गावाचं नाव अजून बेळगाव होतं. १ नोव्हेंबर २०१४ ला ते बेळगावी झालं, तोंडात मात्र बेळगावच राहिलंय. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, बोअरचं पाणी, धाकटा भाऊ आणि मी. गाडी धुवायची, डॅशबोर्डला पॉलिश मारायचं आणि त्याच फडक्याने जाता जाता समोरच्या काचेवरून हात फिरवायचा. काच अशी चमकायची की गिऱ्हाईक खूश. आम्हीही खूश.

एका शनिवारी टिळकवाडीचे एक सर गाडी धुऊन गोव्याला गेले. सोमवारी सकाळी शटर उघडतोय तर दारात उभे.

"काय लावून सोडलासा ओ काचेला? रात्री चोर्ला घाटात पाऊस लागला, वायपर टाकला, आणि समोरून गाडी आली की सगळी काच पांढरी! कणकुंबीला गाडी बाजूला घेऊन बसलो."

मी म्हटलं, "सर, वायपर बदलून बघा की."

"कालच पणजीत बदललेत. नवे आहेत ओ!"

आता बोलायला तोंड नव्हतं. काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सरळ पसरायला हवं, तर ते तुटून तुटून ठिगळांसारखं थांबलं. वायपरच्या रबरावरून पांढरं फडकं ओढलं, तर नव्या रबरालाही काळी चिकट रेघ. आमच्या पॉलिशमधलं सिलिकॉन, त्यावर हायवेच्या डिझेलची काजळी, आणि जुन्या रबराची झीज. हे सगळं वायपर इमानेइतबारे अर्ध्या वर्तुळात सारवत होता. नवा वायपर म्हणजे त्याच घाणीवर फिरणारं नवं फडकं. दिवसा हे दिसतही नाही. समोरून दिवे आले की थरावर उजेड पसरतो आणि मग सगळं दूध.

सरांचे पैसे परत केले आणि त्या दिवसापासून डॅशबोर्डची फडकी वेगळ्या रंगाची केली. आमचा धंदा गाडी धुण्यावरून काचेवर आला तो तिथून.

आता काच करायची ती अशी. आधी शॅम्पूने धुवायची. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून काचेवरून बोटं फिरवायची. उघड्या हाताला न लागणारी खरखर पिशवीतून कळते. मग साबणाचं पाणी सोडत क्लेचा, म्हणजे चिकटलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या पदार्थाचा, गोळा ओढायचा. सुरुवातीला अडकतो, खर्र खर्र करतो. थोड्या वेळाने आवाज थांबतो आणि गोळा लोण्यासारखा घसरतो. बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसायची, रबरही त्यानेच पुसायचं, फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. एवढं करून डाग राहिलाच तर सेरियम ऑक्साइड, म्हणजे काच घासून पॉलिश करायची पावडर. ती पाण्यात कालवायची, ताकापेक्षा घट्ट, पिठल्यापेक्षा पातळ. नमद्याचा पॅड, मशीन हळू, आणि पेस्ट सुकू द्यायची नाही. सुकली की काच तापते.

मशीनचं हे काम मी पैसे मोजून शिकलो. निपाणीची एक जीप आली होती, ड्रायव्हरच्या समोरच वायपरचा ओरखडा. फाउंड्रीचा हात! एकाच जागी दाबून घासत बसलो. ओरखडा गेला, पण तिथे खळगा पडला आणि त्यातून बघितलं की रस्ता लाटांसारखा हलायचा. नवी काच आम्ही घालून दिली, त्या महिन्याचं भाडं उसनं आणलं. तेव्हापासून नख फिरवून बघतो. नख अडकलं तर काच बदला म्हणून सांगतो, मशीनला हात लावत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, शेजारच्याकडे जातं. जाऊ दे.

बोअरच्या पाण्यानेही आम्हाला बरंच नाचवलं. उन्हात उभ्या गाडीवर पाणी मारलं की थेंब सुकून क्षाराचे पांढरे ठिपके राहायचे, म्हणजे घाण काढायची आणि दुसरी लावून द्यायची. ठिपके ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरने निघतात. आता गाडी सावलीत घेतो आणि काचेवरचं शेवटचं पाणी पत्र्यावरून टाकीत साठवलेलं पावसाचं. बेळगावात पावसाला तोटा नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पुराने कोल्हापूरकडचा हायवे बंद पडला होता. पाणी ओसरल्यावर चिखलाच्या गाड्या यायला लागल्या. कितीतरी जणांनी सुकलेल्या चिखलावर तसाच वायपर चालवला होता. वाळू आणि काच! त्या अर्धगोल ओरखड्यांना आमच्याकडे औषध नव्हतं. एक बाटली पाणी आधी ओतलं असतं तर काच वाचली असती.

बोर्डावर वर कन्नड आहे, खाली मराठी. बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक 'गाजु' म्हणतं, आम्ही काच म्हणतो. भावाला दोन्ही चालतं. गणपतीच्या आधी बेळगावच्या केए २२ च्या बरोबरीने कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्याही रांगेत असतात. वायपर आम्ही विकतो, पण मागितला म्हणून लगेच काढून देत नाही.

ते सर अजून येतात. चोर्ल्याने जायचं असलं की आदल्या दिवशी गाडी लावतात. काम झालं की स्वतःच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओततात, ते सरळ खाली उतरेपर्यंत बघत राहतात, आणि पाकीट काढायच्या आधी विचारतात, "तुम्ही केलासा, की भावानं?"