मसालेभात, ४४ अंश

वैशाखातली लग्नसराई ही आमची सुगी. एरवी फोनची वाट बघायची आणि मे महिन्यात तोच फोन बंद करून ठेवावासा वाटतो. मी पुण्यात एका छोट्या संस्थेत काम करतो. मंगल कार्यालयांत, कंपन्यांच्या कँटीनमध्ये उरलेलं अन्न उचलायचं आणि वस्त्यांवर नेऊन वाटायचं, हे आमचं काम. एक छोटा हत्ती, त्याचे ड्रायव्हरकाका, मी, आणि कॉलेजला सुट्टी लागली की एखाद-दोन मुलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये खिचडीची पाकिटं वाटायला म्हणून आलो आणि राहिलो.

'उरलेलं' म्हणजे काय, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. ताटात उरलं ते खरकटं, त्याला हात लावायचा नाही. बुफेच्या टेबलावर उघडं राहिलं तेही घ्यायचं नाही. आत भटारखान्यात, वाढायला काढलंच नाही तेवढंच 'वरचं', आणि तेवढंच घ्यायचं. मग थर्मामीटरची सळई पातेल्याच्या मधोमध, तळापर्यंत खुपसायची. ६० अंशांच्या वर असेल तर उचलायचं. खाली असेल तर रांधून किती वेळ झाला ते विचारायचं, आणि उत्तर देताना आचारी इकडेतिकडे बघायला लागला तर सोडून द्यायचं. आकडा वहीत लिहायचा, खाली सही. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे सरकारी नियम २०१९ मध्ये आले. आमची वही त्याच्या आधीपासूनची आहे, याचा आमच्या अध्यक्षांना फार अभिमान.

त्या दिवशी सकाळपासून दोन ठिकाणी हात हलवत परत आलो होतो. तीनच्या सुमारास सिंहगड रस्त्यावरच्या एका कार्यालयातून फोन आला. तीनशे पानांचा अंदाज होता, वऱ्हाड निम्मंच आलं, घेऊन जा. सोबतच्या मुलाने उत्साहाने लगेच वस्तीवर फोन लावला, "आज भरपूर आहे, सगळ्यांना सांगा." ही पहिली चूक. अन्न बघितल्याशिवाय वस्तीवर फोन करायचा नाही हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मलाही बरं वाटलं होतं.

पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. भटारखान्यात चार पातेली होती. मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, वरण, आणि एका परातीत जिलेब्या. मसालेभाताचं पातेलं सगळ्यात मोठं, दोघांना धरूनही हलेना. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, म्हणजे भात उशिरात उशिरा दहाला उतरवलेला. वर गच्च झाकण. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लटकलेले. मी सळई खुपसली. ४४.

भाताचं असं आहे की मोठ्या पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो. गरमही नाही, गारही नाही. तांदळात एक जिवाणू असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. त्या कोमटात ते जागे होतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा उकळलं तरी जात नाही. हे मी दर सुट्टीत नव्या मुलांना शिकवतो. फळ्यावर चित्र काढून.

मॅनेजर दारात उभा होता. संध्याकाळचं रिसेप्शन लागायचं होतं आणि त्याला पातेली रिकामी हवी होती. मी म्हणालो, भात जरा... त्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "अहो, सकाळचाच आहे. घरी आपण दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खातो की. आणि त्यांना काय, चालतं सगळं." त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, 'अन्न हे पूर्णब्रह्म' असं रंगवलेलं होतं. खाली बारीक अक्षरात 'ताटात टाकू नये'.

मला त्याचा राग आला, असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे मी घड्याळ बघत होतो. वस्तीवर शंभर माणसं डबे घेऊन बसली असणार. आठवडाभर त्यांच्याकडे आमची गाडी गेली नव्हती. भाताला वास तर नव्हता. मी वहीत ६२ लिहिलं आणि सही केली.

ती वस्ती बांधकाम मजुरांची आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांची. बरीचशी घरं सोलापूर, लातूरकडची. त्या महिन्यात एका साइटचा मुकादम दोन आठवड्यांची हजेरी बुडवून गायब झाला होता. रेशन मिळत नाही का, असं आम्हाला देणगीदार नेहमी विचारतात. मिळतं. २०२३पासून फुकटही झालंय. माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला वाटीभर तांदूळ किंवा तेवढाच गहू. डाळ, तेल, गॅस ज्याचा त्याने बघायचा. शिवाय कार्ड गावचं. कुठल्याही गावचं कार्ड कुठेही चालतं हे खरं, पण गावी राहिलेल्या म्हातारा-म्हातारीने त्याच कार्डावर तिकडे सगळं धान्य उचललं की इकडे अंगठा लावून हाती काही येत नाही. आणि मुलगा-सून काय आईबापाला सांगणार, तुम्ही उचलू नका म्हणून?

पावणेसहाला गाडी समाजमंदिराच्या अंगणात लागली. रांग लागलेलीच होती. पुढे पोरं, हातात स्टीलचे डबे, एकाकडे बादली. सगळ्यात पुढे नेहमीची आजी. ही आजी रांगेत कधी मागे नसते आणि स्वतःसाठी कधी अर्ध्या डब्यापेक्षा जास्त घेत नाही. बाकीचं शेजारच्या बाळंतिणीला. दर वेळी ती दोन प्रश्न विचारते. ते मला पाठ झाले होते, आणि उत्तरंही.

"वरचं हाय का ताटातलं?"

"वरचं, आजी."

"कवाचं?"

"ताजं आहे."

काकांनी झाकण काढलं. वास असा आला नाही. पहिल्यांदा मसाल्याचाच आला, दालचिनीचा, काजूचा. मग त्याच्या मागून दुसरा, आंबूस, ओल्या फडक्यासारखा. मुलाने डाव घातला. आजीने डबा पुढे न करता दोन बोटांनी चार शितं उचलली, चिमटीत चोळली आणि बोटं हळूहळू लांब केली. मधे तार आली. बारीक, चकाकणारी. तिने ती मला दाखवली. बोट माझ्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर.

"इटलंय हे, बाळा."

मुलगा चटकन म्हणाला, "सर, उकळून घेऊ या का?" मी नको म्हणालो. फळ्यावरचं चित्र त्याला आठवलं असावं, कारण त्याने परत विचारलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. कार्यालयात सळई मी वाचली होती तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता.

रांगेत कुजबुज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, "असू द्या, द्या थोडं, काय होत नाही." पाचसहा वर्षांचा पोरगा परातीतल्या जिलेब्यांकडे बघत होता. मी झाकण परत लावलं आणि सांगितलं, भात, भाज्या, वरण खराब झालंय, देता येणार नाही. जिलेबी चांगली आहे. कोणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर सोपं गेलं असतं.

आजी मला बाजूला घेऊन गेली. समाजमंदिराच्या ओट्यावर बसली आणि मला बस म्हणाली. आत बाबासाहेबांचा फोटो, हार सुकलेला, एप्रिलच्या जयंतीचा. ती रागावलेली नव्हती. म्हणाली, "माझी आजी गावात पाटलाच्या वाड्यावर जायची शिळ्या तुकड्याला. ओच्यात घेऊन यायची. बाबासायबांनी सांगितलं, घेऊ नका. बंद केलं तिनं. दोन दोन दिवस चूल पेटायची न्हाय, पर गेली न्हाय परत." मग जरा थांबून, "तुमचं आमी घेतो ते तुमी सांगता म्हनून. ताटातलं न्हाय, ताजं हाय. म्हनून इचारते मी दर बारीला."

महाडच्या परिषदेबद्दल मी शाळेत चार ओळी वाचल्या होत्या. मार्च १९२७, चवदार तळं, पाणी. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा असंही बजावलं होतं, हे फार नंतर कुठेतरी वाचनात आलं आणि विसरूनही गेलो. आमच्या घरी फ्रीजमधलं दोन दिवसांचं झालं की आई ते एका चपट्या डब्यात काढायची. 'मावशींचा डबा.' तो डबा आमच्या इतर डब्यांत कधी मिसळायचा नाही. त्या ओट्यावर मला तो डबा दिसला, त्याच्या झाकणावरच्या पोच्यासकट. सहा वर्षं मी 'अन्न वाचवतो' असं लोकांना सांगत आलो. आजी मला विचारत होती की मी खरं बोलतो का.

मी तिला सांगितलं. ४४ होतं, मी ६२ लिहिलं. आकड्यांचं तिला काही नव्हतं, पण कळलं. "मग आता काय देतोस पोरांना?" ती म्हणाली.

डिझेलचे म्हणून माझ्याकडे तीन हजार होते. मी हॉटेलातून पुलाव आणतो म्हणालो. तिने हात झटकला. "शंबर मानसांना हाटेल? तांदूळ आन, डाळ आन." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बारा किलो तांदूळ, तीन किलो तूरडाळ, तेल, हळद, मिरच्या आणल्या. जयंतीचं मोठं पातेलं समाजमंदिराच्या माळ्यावर होतं, ते खाली काढलं. विटांची चूल मांडली. साइटवरचं सेंट्रिंगचं लाकूड कोणी आणलं हे मी विचारलं नाही. एका बाईने आपल्या घरातला कांदा आणला, दुसरीने लसणाच्या चार कुड्या, तिसरी नुसतीच येऊन बसली आणि सगळ्यांना सूचना देत राहिली. मला मिरच्या निवडायला बसवलं. देठ मोडताना मी बिया सांडतो म्हणून दोनदा बोलणी खाल्ली.

पावणेनऊला डाळभात तयार झाला. मी सवयीने सळई काढली आणि खुपसली. ९१. मुलाने मोठ्याने वाचलं आणि बायका हसायला लागल्या. पंगत अंगणातच बसली. आम्हीही त्याच पंगतीत जेवलो. सहा वर्षांत वस्तीवर जेवण्याची माझी ती पहिली वेळ होती, आणि हे लक्षात आणून दिलं ते ड्रायव्हरकाकांनी.

खराब झालेली पातेली आम्ही पोरांसमोर उपडी केली नाहीत. रात्री अकराला ते सगळं ओल्या कचऱ्यात गेलं. मॅनेजरचे तोवर सात मिस्ड कॉल. रिसेप्शनला पातेली कमी पडली म्हणे.

ऑफिसात येऊन वही उघडली. ६२वर एक आडवी रेघ मारली, वर ४४ लिहिलं, शेजारी 'वाटले नाही' आणि परत सही. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी पान उलटता उलटता विचारलं, ही खाडाखोड कसली? मी सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग खजिनदारांनी तीन हजारांचं बिल मागितलं. किराणावाल्याने ते सिगरेटच्या पाकिटाच्या मागे लिहून दिलं होतं.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. प्रत्येक पातेल्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर अन्न रांधल्याची वेळ लिहायची, आचाऱ्याकडून लिहून घ्यायची. आणि वस्तीवर गाडी उघडली की पहिला घास आमचा, सगळ्यांदेखत. काही कार्यालयांनी आम्हाला फोन करणंच सोडलं. जूनपर्यंत आमचं काम जवळपास निम्म्यावर आलं आणि वर्षअखेरच्या अहवालात ते चांगलं दिसणार नाही, यावर अजून वाद चालू आहे. माझंही एक मन म्हणतं की चिकटपट्टीपायी काही चांगलं अन्नही वाया जात असेल. जातच असेल.

दोन आठवड्यांनी परत त्या वस्तीवर गेलो. एका मुंजीचं जेवण, पट्टीवर साडेबारा, सळईवर ६६. आजी पुढेच होती. तिने नातवाला पट्टी वाचायला लावली, स्वतः चार शितं चोळून बघितली. मी तिच्यासमोर घास खाल्ला. तिने डबा पुढे केला, अर्धा भरल्यावर हाताने थांबवला, आणि पातेल्यांवरून एकदा नजर फिरवून म्हणाली,

"मठ्ठा न्हाय दिला व्हय त्यांनी?"