तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी आडवी घालणारा जिंकतो कसा?

मला मोटरस्पोर्टचं वेड आहे हे कळलं की बरेच जण विचारतात, "गाडी घसरवली की वेग कमीच होतो ना? मग ड्रिफ्टिंग ही रेस कशी?"

वेग कमी होतो हे खरंच आहे, आणि ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळणं घेणं, ही रेस नाहीच.

टायर अगदी थोडा, काही अंशांनीच, घसरत असताना सर्वांत जास्त पकड देतो. त्यापलीकडे गेलं की पकड कमी होत जाते आणि इंजिनाची ताकद धुरात जाते. म्हणून रेसचा ड्रायव्हर त्या काठावर गाडी ठेवतो. काठ ओलांडला की वेळ गेला. (कार रॅलीतल्या सुट्या मातीचा हिशोब वेगळा, तिथे घसरणं फायद्याचंही ठरतं.)

ड्रिफ्टिंग त्या काठापलीकडेच सुरू होतं. क्लच झटकून किंवा हँडब्रेक ओढून मागच्या चाकांची पकड सोडवायची, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला आणि कोन सांभाळायचा तो ॲक्सिलरेटरवर. ड्रायव्हर स्टिअरिंग चक्क हातातून सोडतो, ते आपोआप उलटं फिरतं आणि नेमक्या क्षणी तो ते पुन्हा धरतो. हे कितीही वेळा पाहिलं तरी माझा श्वास अडकतो. याला बेताल गाडी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

निकाल परीक्षक देतात. गाडी ठरलेल्या मार्गावरून गेली का, किती कोनात आडवी होती, सफाई किती होती, हे ते पाहतात. पण माझ्या मते खरा फरक कळतो तो दोन गाड्यांच्या लढतीत. रेसमध्ये मागच्याला पुढे जायचं असतं. इथे मागच्याने पुढच्याच्या दाराला जवळजवळ चिकटून, त्याच्याच कोनात घसरत राहायचं असतं. मग जागा बदलून दुसरी फेरी. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याऐवजी त्याच्या इतकं जवळ राहणं, तेही दोघांच्या चाकांची पकड सुटलेली असताना! याला लागणारं धैर्य मला ओव्हरटेकिंगपेक्षा मोठं वाटतं.

गंमत अशी की हे सगळं रेसमधूनच जन्मलं. कुनिमित्सु ताकाहाशी 1961 मध्ये मोटरसायकल ग्रां प्री जिंकणारे पहिले जपानी ठरले. पुढे 1970च्या दशकात कार रेसमध्ये ते गाडी घसरवत वळणं घ्यायचे आणि प्रेक्षक त्यावर फिदा व्हायचे. त्यांना पाहून केइची त्सुचिया यांनी डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तेच घोटलं. पुढे जपानमध्ये डी-वन ग्रां प्री आणि 2004 पासून अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट या ड्रिफ्टिंगच्या स्पर्धा आल्या.

तेव्हा ड्रिफ्टिंग पाहाल तेव्हा धुराकडे पाहू नका. पुढच्या गाडीचं दार आणि मागच्या गाडीचं नाक यांच्यात किती फट उरली आहे, तेवढंच बघा.