पात्र कंपनीचे, शब्द लेखकाचे

व्हिडिओ गेमलाही लेखक असतो, ही गोष्ट आमच्या वडसा-गडचिरोलीकडच्या मुलांना मुद्दाम सांगावी लागते. मोबाइलवर खेळणाऱ्या पोराला खेळातले नकाशे आणि बंदुका तोंडपाठ असतात. पण त्यातली माणसे जे बोलतात ते कोणीतरी बसून लिहिलेले आहे, आणि हेच काम करून काही जणांचा आयुष्यभर चरितार्थ चालतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. मराठी शिकवता शिकवता मी या लेखकांच्या वाटचालीकडे वळले, आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढतच गेला आहे.

एमी हेनिग यांची वाटचाल मला सर्वांत बोलकी वाटते. बर्कले येथे इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यानंतर त्या चित्रपटाचे शिक्षण घेत होत्या, तेव्हा त्यांनी अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या एका खेळासाठी चित्रे काढण्याचे काम स्वीकारले. अटारी ७८०० या यंत्रासाठीचा तो खेळ बाजारात आलाच नाही. मात्र त्या कामात त्यांचे मन असे रमले की चित्रपटाचे शिक्षण सोडून त्या याच क्षेत्रात राहिल्या. १९९९ चा ‘सोल रीव्हर’ त्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाला. पुढे नॉटी डॉग या स्टुडिओत त्यांनी ‘अनचार्टेड’ मालिकेचे पहिले तीन भाग (२००७, २००९ आणि २०११) घडवले, आणि नेथन ड्रेक हा खजिन्यामागे धावणारा, संकटातही बोलणे न थांबवणारा नायक जगभर ओळखीचा झाला. २०१४ मध्ये हेनिग यांनी तो स्टुडिओ सोडला. नायक मात्र तेथेच राहिला. २०१६ मध्ये त्याचा चौथा भाग इतरांच्या हातून पूर्ण झाला आणि २०२२ मध्ये त्याच्यावर चित्रपटही आला. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचे हक्क सहसा कंपनीकडे असतात, त्यामुळे पात्राला जन्म देणाऱ्या लेखकाला त्याचा निरोप घेण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. याहून कठीण प्रसंग त्यांच्यावर पुढे आला. व्हिसरल या स्टुडिओत त्या ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील एका खेळावर काम करत असताना ऑक्टोबर २०१७ मध्ये तो स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर झाले, आणि त्यांनी योजलेला तो खेळ कधीच लोकांपुढे आला नाही. कादंबरी नाकारली गेली तर लेखकाकडे निदान हस्तलिखित उरते आणि ते दुसऱ्या प्रकाशकाकडे नेता येते. येथे ती सोयही नसते.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या माणसाला या लेखनाची घडण समजायला जड जाऊ नये. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि त्या नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे म्हणजे वडसा. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याला कंपनीत कोण नट आहेत, विनोदी पात्राला किती जागा हवी, गाणी कोठे येणार आणि पहाटेपर्यंत प्रेक्षकाला कसे बसवून ठेवायचे, हे सारे लक्षात घेऊनच कथा उभी करावी लागते. खेळांच्या मालिकेचा लेखकही अशाच आखलेल्या चौकटीत लिहितो; पण त्याच्यापुढे आणखी एक पेच असतो, तो म्हणजे त्याचा प्रेक्षक स्वतःच रंगमंचावर चढलेला असतो आणि लेखकाने योजलेल्या वाटेने तो जाईलच याचा भरवसा नसतो.

म्हणूनच या लेखकाचा बराचसा वेळ नाट्यपूर्ण प्रवेशांपेक्षा अगदी लहान वाक्यांवर खर्च होतो. पहारेकऱ्याला चाहूल लागली, सोबत्याच्या गोळ्या संपल्या, खेळाडू एकाच जागी घुटमळत राहिला, अशा प्रत्येक प्रसंगासाठी दोन-चार शब्दांची वाक्ये लागतात, आणि तीच पुन्हा पुन्हा ऐकून कान किटू नयेत म्हणून एकाच आशयाची अनेक रूपे एक्सेलसारख्या तक्त्यात लिहून ठेवावी लागतात. ती कोणत्या क्रमाने ऐकू येतील हे माहीत नसते, तरी प्रत्येक वाक्य त्याच माणसाच्या तोंडचे वाटले पाहिजे. भर म्हणजे खेळाचा एखादा टप्पा ऐनवेळी गाळला जातो, आणि कथेला पडलेले भगदाड एखाद्या संवादाने बुजवण्याचे काम लेखकाकडे येते. हे कसब मला उत्तम कथालेखनाच्या तोडीचे वाटते, आणि समीक्षेने त्याची दखल घ्यायला हवी.

दुसऱ्याने घडवलेले पात्र हाती घेणे हाही या व्यवसायाचा नित्याचा भाग आहे. ‘टॉम्ब रेडर’ या खेळमालिकेची नायिका लारा क्रॉफ्ट १९९६ पासून लोकांना ठाऊक होती. २०१३ च्या ‘टॉम्ब रेडर’साठी पूर्वी खेळविषयक पत्रकारिता केलेल्या रिआना प्रॅचेट यांनी तिला जहाज फुटून बेटावर अडकलेली, अननुभवी तरुणी म्हणून पुन्हा लिहिले. जुन्या चाहत्यांचे प्रेम न दुखावता पात्राला भीती आणि वेदना देणे सोपे नव्हते. ‘मास इफेक्ट’ मालिकेत तर २००७ च्या पहिल्या भागात खेळाडूने घेतलेले निर्णय २०१० आणि २०१२ च्या भागांपर्यंत पोहोचत. पहिल्या दोन भागांचे प्रमुख लेखक ड्रू कार्पिशिन तिसऱ्या भागापर्यंत दुसऱ्या कामाकडे वळले होते. तिसऱ्या भागाच्या शेवटावर खेळाडू इतके संतापले की त्याच वर्षी विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. तो संताप मला समजतो: इतकी वर्षे निर्णय घ्यायला लावल्यावर शेवटी त्या निर्णयांचे पडसाद ऐकू यावेत, ही अपेक्षा रास्तच होती.

आपल्याकडेही हे काम अगदीच अपरिचित राहिलेले नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला. गावात राहून सुरुवात करू पाहणाऱ्यासाठी ट्वाइन हे विनामूल्य साधन पुरेसे आहे. त्यात देवनागरीत लिहिता येते, प्रोग्रॅमिंग आले नाही तरी कथेला फाटे फोडता येतात आणि तयार झालेली कथा कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. नमुना म्हणून एकच प्रसंग घ्यावा, उदाहरणार्थ धानाच्या बांधीत शिरलेले रानडुक्कर आणि राखणीला बसलेले दोघे भाऊ. वाचणाऱ्याला तीन ठिकाणी निर्णय घेऊ द्यावा, आणि धाकट्या भावाने घाबरून मारलेली हाक किमान दहा प्रकारे लिहून पाहावी.